पाना आहे, परवाना कुठे आहे?

आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोराला न्यायाधीश महोदयांनी विचारले, "काय करतोस?" तो म्हणाला, "मोटार मेकॅनिक आहे साहेब. आयटीआय पास आहे." कोर्टात बसलेले दोन-चार जण हसले. मी त्याचा वकील होतो. मला हसू आले नाही, कारण त्याच्या आईने आदल्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवलेल्या पिशवीत जामिनाच्या कागदांबरोबर त्याचे आयटीआयचे प्रमाणपत्रही होते. प्लास्टिकच्या वेष्टणात घातलेले, कोपराही न दुमडलेले.

ही गोष्ट २०१८ सालची, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावची. आपल्या वस्तीच्या टोकाला गायरानावर एक पत्र्याची शेड. तिथे रात्री रिक्षा यायच्या. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून विजेच्या छोट्या मोटारीने रिक्षाच्या टाकीत गॅस भरून दिला जायचा. पुरवठा निरीक्षक आणि पोलिसांनी धाड घातली. मुद्देमाल म्हणून सिलिंडर, मोटार, वजनकाटा आणि दोन रिक्षा जप्त. गुन्हा जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ च्या कलम ३ व ७ खाली, जोडीला भादंविचे कलम २८५. कलम ७ ची शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. आरोपी एकच, हा चोवीस वर्षांचा पोरगा. त्याला सिलिंडर पुरवणारा कोण, रात्री टेम्पो कुणाचा यायचा, याचा तपास झालाच नाही. तो कुणाच्याच सोयीचा नव्हता.

२०२३ साली तो सुटला. पंच फितूर झाले, वजनमाप सिद्ध झाले नाही, जप्तीचा पंचनामा कच्चा निघाला. पण वाचकहो, तो सुटला म्हणून त्याने काही चूक केलेली नव्हती, असे मी म्हणणार नाही. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. त्या शेडपासून वीस पावलांवर चुली पेटत होत्या, पोरे झोपत होती. एक ठिणगी पडली असती तर आख्खी गल्ली गेली असती. आरोपीचा वकील म्हणून मी हे कोर्टात बोललो नाही. माणूस म्हणून त्याला मात्र ऑफिसात बसवून खडसावले.

तेव्हा त्याने दिलेले उत्तर अजून माझ्या कानात आहे. तो म्हणाला, "साहेब, किट मला बसवता येतं. ट्यूनिंग येतं. गळती कुठून होते तेही कळतं. पण मी कुणाचा माणूस आहे? मला कोण किट देणार?"

या उत्तराने मला कायद्याची पुस्तके पुन्हा उघडायला लावली. मी पंधरा-वीस वर्षे वकिली करतो, अॅट्रॉसिटीच्या केसेस चालवतो, गायरानाच्या केसेस चालवतो. पण मोटारीचे इंधन बदलण्याचा कायदा मी कधी वाचला नव्हता. वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. जे काम हा पोरगा रात्री चोरून करत होता, तेच काम दिवसाढवळ्या, पाटी लावून, पावती फाडून करण्याची वाट कायद्यात तेव्हा अठरा वर्षांपासून उघडी होती!

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येत नाही. परंतु २००० सालच्या दुरुस्तीने त्यात सोय झाली. बॅटरी, सी.एन.जी., सौरऊर्जा, एल.पी.जी. किंवा अन्य इंधनावर गाडी चालावी म्हणून किट बसवून इंजिनात बदल करता येईल, मात्र ठरवून दिलेल्या अटींवर. २००१ साली मोटारीत एल.पी.जी. वापरण्याबाबतचा स्वतंत्र आदेश आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५-ब हा सी.एन.जी.साठी आणि ११५-क हा एल.पी.जी.साठी नियम आला. अटी अशा की किटला पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या चाचणी संस्थेची मान्यता हवी, किट बसवणारा हा किट बनवणाऱ्या कंपनीने अधिकृत केलेला हवा, आणि बदलाची नोंद आर.टी.ओ.कडे आर.सी. बुकावर व्हायला हवी. गॅसही अधिकृत पंपावरचाच, घरगुती सिलिंडरचा कदापि नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर कलम १८२-अ घालून बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तजवीज केली.

आता या सगळ्यात मेख कुठे आहे, ते पहा. हातातले कसब आयटीआय देते. परवानगी मात्र कंपनी देते. आणि कंपनी ती कुणाला देते? ज्याच्याकडे रस्त्यालगत जागा आहे, जागेचा कागद आहे, अनामत भरायला रक्कम आहे, ओळख आहे. आमच्या पोराकडे पहिली गोष्ट आहे आणि बाकीच्या चारही नाहीत. म्हणून शहरातल्या अधिकृत किट सेंटरमध्ये मालक दुसरा असतो आणि गाडीखाली झोपून पाना फिरवणारा हात आमचा असतो.

हे सेंटरवाले कसे उभे राहिले, तेही समजून घेतले पाहिजे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेच्या प्रश्नावर आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बसेस, रिक्षा, टॅक्सी सी.एन.जी.वर आल्या. मुंबईत महानगर गॅस १९९५ पासून होती. कोर्टाच्या एका आदेशाने एक आख्खा धंदा जन्माला आला; किट, सिलिंडर, फिटिंग, तपासणी. ज्यांना आधी कळले त्यांनी आधी जागा घेतल्या. आमच्याकडे तो आदेश "प्रदूषणाची बातमी" म्हणून वाचला गेला. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो. मीही तसाच वाचला.

आता पुन्हा एकदा इंधन बदलते आहे, आणि या खेपेला ते एकाच वेळी चार दिशांनी बदलते आहे.

तसे पाहिले तर यात नवल काही नाही. इंजिन कोणत्याही एका इंधनाशी लग्न लावून जन्माला आलेले नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्याकडेही मोटारींना कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर गाड्या पळवल्या. आणि मुंबईत तर त्याच्याही आधी, १८९७ साली, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात मैल्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले. पुढे तिथे त्या वायूवर इंजिनही चालवले गेले. गटारात आणि सेप्टिक टाकीत साचतो तोच हा मिथेन. त्याच्याबरोबर असणारा हायड्रोजन सल्फाइड श्वासात गेला की माणूस दोन मिनिटांत कोसळतो. १८९७ साली ज्या वायूचा उपयोग कळला होता, त्याच वायूने एकविसाव्या शतकातही आमची माणसे टाकीत मरतात. सव्वाशे वर्षांत टाकीतून इंजिन चालवण्याची अक्कल आली, पण टाकीत माणूस न उतरवण्याची आली नाही. २०१३ चा कायदा झाला, २०१४ च्या निकालाने १० लाख भरपाई ठरली, ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख झाली. माणसे उतरवली जातच आहेत. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण इंधनावर लिहिताना तो ओलांडून पुढे जाणे मला जमले नाही.

असो. चार दिशांपैकी सर्वात मोठी दिशा इथेनॉलची. जून २०२२ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे ई-२० पेट्रोल पंपावर यायला सुरुवात झाली आणि २०२५ साली देशभर सरासरी २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ठरलेले साल आधी २०३० होते, ते अलीकडे ओढून आणले गेले. महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की साखर कारखाना आला, कारखाना म्हटला की साखरसम्राट आला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा किती आरडाओरडा झाला ते आठवा! ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. या सगळ्या गदारोळात बीडहून उचल घेऊन, बैलगाडीवर संसार बांधून फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगाराचे नाव कुणी घेतल्याचे मला आठवत नाही. कोयता त्याचा, डिस्टिलरी सम्राटाची. तिथे आमच्या पोरांना आज तरी शिरकाव नाही, ही वस्तुस्थिती मान्य करून पुढे गेले पाहिजे.

पण त्या इथेनॉलचे परिणाम जिथे उतरतात, ती जागा म्हणजे गल्लीतले गॅरेज. आणि गॅरेज आमच्या आवाक्यात आहे.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेले आहे, की ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकीचा अॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचा ३ ते ४ टक्के घटू शकतो. दुसरे म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली, टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. मग सकाळी किक मारून पाय दुखतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, ओ-रिंग, वॉशर फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. टाकीतला जुना गंज सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ दुचाकींना इंजेक्शन यंत्रणा आहे, पण खेड्यापाड्यांत आणि आपल्या वस्त्यांत धावतात त्या त्याच्या आधीच्या, कार्बोरेटरच्या. त्यांचा मालक शेतमजूर, भाजीवाला, गवंडी. त्याला पंपावर कुणी विचारत नाही, की बाबा, तुझ्या गाडीला हे चालते का? ई-२० बरोबर जुने पेट्रोलही मिळावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. म्हणजे आता कोर्टाची वाट पाहण्यात अर्थ नाही. गाडी दुरुस्तच करावी लागणार.

ही दुरुस्ती मूळ रचनेतला बदल नव्हे. टाकी साफ करणे, फिल्टर बदलणे, इथेनॉलला टिकणारे पाइप व सील घालणे, जेट साफ करून मिश्रण जुळवणे, याला कुठल्याही कंपनीच्या अधिकृत शिक्क्याची गरज नाही. दहापेक्षा कमी माणसे असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीही लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते, तीही ऑनलाइन. उद्यम नोंदणी फुकट आहे. एवढे करून चार जणांनी मिळून "जुन्या दुचाकीची ई-२० तपासणी" अशी पाटी लावली, तर गिऱ्हाइकाला शोधत जावे लागणार नाही. ते किक मारून थकून आपल्या पायांनी येईल. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक येते आणि मेकॅनिक सांगतो, "पेट्रोलमध्ये भेसळ आहे, पंप बदला." कारण त्यालाच कुणी शिकवलेले नसते.

शिकवायचे कुणी? मागच्या वर्षी एका सरकारी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाण्याचा योग आला. पोरांसमोर कापून ठेवलेले जे इंजिन होते, ते माझ्या लहानपणच्या टॅक्सीचे. इंजेक्शनवर चालणारी दुचाकी शिकवायला नव्हती. निदेशक भला माणूस. तो म्हणाला, स्कॅनर मागून तीन वर्षे झाली. रोजगारक्षमता कौशल्ये नावाचा एक विषय असतो, त्यात उद्योजकतेचा धडा आहे. मी एका पोराची वही पाहिली. "उद्योजकाचे पाच गुण लिहा." त्याने लिहिले होते: धाडस, चिकाटी, आत्मविश्वास, वक्तशीरपणा, नेतृत्व. अक्षर सुंदर. त्याला विचारले, उद्या गॅरेज काढायचे तर पहिला कागद कुठला लागेल? वर्गात कुणालाही सांगता आले नाही. जागेचा कागद, भाडेकरार, कोटेशन, बँकेचे हप्ते, पावती पुस्तक, यातले काहीही नाही. धाडस मात्र पाठ!

बॅटरीच्या गाड्यांबद्दल फार लिहीत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनाचा स्वतंत्र ट्रेड आला आहे, तो घ्यावा. पण उद्या सगळे बॅटरीवरच जाणार म्हणून आज इंजिन शिकू नये, हा सल्ला ज्याचे पोट भरलेले आहे तोच देऊ शकतो. रस्त्यावरची कोट्यवधी इंजिने एका रात्रीत भंगारात जात नसतात.

सी.एन.जी.चे सांगायला हवे. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजची सी.एन.जी. मोटारसायकल आली. तीत दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये बी.एस.-६ गाड्यांनाही नंतर किट बसवण्यास केंद्राने नियम करून मुभा दिली. सी.एन.जी. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वद पट. म्हणून दर तीन वर्षांनी त्याची चाचणी करून घ्यावी लागते आणि त्या चाचणी केंद्रांना मान्यता देणारे 'पेसो', म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, हिचे मुख्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात! दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो. त्याच शहरात हे कार्यालय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आपल्याच शहरात कुणी चाचणी केंद्रासाठी अर्ज केला आहे का, हे कार्यकर्त्यांनी एकदा तिथे जाऊन विचारायला काय हरकत आहे?

करंजाच्या तेलाचाही अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनाचा मोठा कार्यक्रम सुचवला आणि मोगली एरंडाचे पीक आले. पडीक जमिनीवर, पाण्याविना, सोने पिकणार असे सांगितले गेले. रोपे विकणारे गब्बर झाले, लावणारे फसले, कारण पाण्याविना फळ धरत नाही. त्याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी गावातल्या करंजाच्या बियांचे तेल काढून त्यावर डिझेल जनरेटर चालवला आणि शेतीला पाणी दिले. झाड गावातले, बी गावातले, इंजिन गावातले. तेल दाट असते, म्हणून गरम करून द्यावे लागते. डिझेलवर सुरू करायचे, डिझेलवरच बंद करायचे, नाहीतर इंजेक्टरवर काजळी धरते. सावकाश फिरणाऱ्या शेतीच्या इंजिनाला हे पेलते. शेणाच्या गॅसचेही तसेच. हवेच्या नळीतून गॅस दिला की पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बऱ्याच कमी डिझेलमध्ये पाणी उपसते, पेट्रोलचे इंजिन तर पूर्ण गॅसवर चालू शकते. फक्त गॅस आधी लोखंडाच्या किसामधून गाळून घ्यायचा, म्हणजे त्यातला गंधक इंजिन खात नाही. स्वतःच्या इंजिनावर प्रयोग करा. "बायोडिझेल" म्हणून विकायला मात्र बसू नका. त्या नावाखाली भलतेच रसायन विकणाऱ्यांवर धाडी पडल्या आहेत, आणि धाडीत सापडतो तो पंपावरचा पोरगा, हे मी वर सांगितलेच.

आता पैशाचे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. बीजभांडवल योजनेत ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ५ टक्के अर्जदाराचे, २० टक्के महामंडळाचे आणि ७५ टक्के बँकेचे असा हिशेब ठरला. गाडी नेमकी या ७५ टक्क्यांवर रुतते. राज्याने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. त्यात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान ठरले. म्हणजे गावात ८ लाखांचे गॅरेज काढले तर २ लाख ८० हजार अनुदान, ४० हजार स्वतःचे. मुद्रा २०१५ पासून. स्टँड अप इंडिया एप्रिल २०१६ मध्ये आली, प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला आणि एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यावे म्हणून. मार्च २०२५ ला तिची मुदत संपली. तुमच्या गावच्या शाखेने त्या नऊ वर्षांत कुणाला दिले? माहितीच्या अधिकारात विचारा. नाव मिळणार नाही, संख्या मिळेल.

माझ्या एका अशिलाने गॅरेजसाठी अर्ज केला, तेव्हा बँकेच्या साहेबांनी घराचा उतारा तारण मागितला. सूक्ष्म व लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० चा आदेश होता. मी तो छापून त्याच्या हातात दिला. साहेब म्हणाले, "वकील आणलास का?" कर्ज नाकारण्याचे कारण लेखी मागितले, तेव्हा अर्ज हरवला! पुन्हा अर्ज केला, पोच घेतली, लोकपालाकडे तक्रार गेली, मग मंजूर झाले. अकरा महिने लागले. तोवर त्याने ठरवलेली जागा दुसऱ्याने घेतली होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली केली असे होईल. आपल्यातलेच काही जण दलालाला धरून खोटे कोटेशन जोडतात, गॅरेजच्या नावाने पैसा उचलतात आणि बुलेट घेऊन फिरतात. हप्ता थकला की शाखेच्या साहेबाला पुढच्या दहा खऱ्या अर्जांना नाही म्हणायला निमित्त मिळते. अशा दोघांच्या केसेस मी परत पाठवल्या.

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहत होते? २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विधिमंडळातील व नोकऱ्यांतील जागांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी मागितले. तेव्हा ते मजूर खात्याचे सदस्य होते. यंत्रावर ज्याचा हात बसतो त्याला गावगाड्याच्या मेहेरबानीची गरज उरत नाही, हे त्यांना दिसत होते. आपण मात्र "शिका" याचा अर्थ पदवी एवढाच घेतला. दहावीला कमी मार्क पडले की "मग आयटीआयला घाला" म्हणतो. पोराचे हात तेलाने काळे झाले की आईला वाईट वाटते. तिचे मी समजू शकतो, पिढ्यान्पिढ्या घाण उपसून काळे झालेले हात तिने पाहिलेत. पण तेलाचा काळेपणा आणि गुलामीचा काळेपणा यात फरक आहे, हे तिला सांगायचे काम कार्यकर्त्यांचे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीचेच घ्या. आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या जयंतीला सहा मंडळांच्या मिरवणुका निघाल्या, सहा जनरेटर लागले. मी सहज चौकशी केली. सहाच्या सहा भाड्याने आणलेले, एकही आपल्या माणसाचा नाही. आदल्या रात्री एक बंद पडला तेव्हा तो चालू करून दिला तो मात्र आपल्याच पोराने, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकने. त्याला दोनशे रुपये आणि मंडळाचा निळा फेटा मिळाला. भाडे गेले दुसरीकडे.

त्या सुटलेल्या पोराने आता गॅस भरणे सोडले आहे. सुटल्यावर तो शहरातल्या एका अधिकृत किट सेंटरवर हेल्पर म्हणून दोन वर्षे राबला, कंपनीचे प्रशिक्षण घेतले. दिवाळीनंतर दोन वर्गमित्रांना घेऊन माझ्याकडे आला. एकजण एस.टी. आगारात अप्रेंटिस करून घरी बसलेला, दुसरा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. तिघांची बचत मिळून ९० हजार. "जयभीम साहेब, भागीदारीचा कागद करायचा," म्हणाला. आधी ई-२० चे दुचाकी काम, मग किटची एजन्सी, असे त्यांनी वहीवर मांडून आणले होते. हिशेब मी तपासला. भाडे कमी धरले होते, बाकी ठीक होते.

भागीदारीचा कागद झाला. जागाही हायवेलगत सापडली आहे. किट कंपनीला निदान तीन वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार हवा आहे, आणि जागामालक, तिघांची आडनावे ऐकल्यापासून, अकरा महिन्यांवर अडून बसला आहे. येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे.